कॅमेऱ्याचं गाऱ्हाणं

त्या माणसाचा मी अकरा वर्षं हेवा केला. तोही मनापासून, कुठे अंगचोरी न करता. लोक सोमवार धरतात, चतुर्थी धरतात, तसा मी त्याचा हेवा धरला होता आणि एकदाही मोडला नाही. तो गेला तेव्हा त्याच्या गावी, कट्ट्याला, केवढी गर्दी जमली होती. ती बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच, की आपल्या वेळी एवढी माणसं येतील का. दुसरा विचार आला की येणार नाहीत.

मालवणच्या बाजारात माझं टीव्ही आणि व्हीसीआर दुरुस्तीचं दुकान होतं. आयटीआयचा दाखला चौकट करून लावलेला. मुंबईहून आणलेला ऑसिलोस्कोप टेबलावर ठेवलेला. त्याच्या पडद्यावर हिरवी रेघ नाचायची. दहा कामांत तो एकदा लागायचा, पण गिऱ्हाईक आलं की मी तो आधी चालू करायचो. लोक त्या रेघेकडे बघत गप्प उभे राहायचे, आणि मला ते आवडायचं.

त्या काळात गावागावांत एकेक शूटिंगवाला झाला होता. लग्न, मुंज, जत्रा, दशावतार, सगळ्याचं व्हिडिओ शूटिंग. आधी खांद्यावर घ्यायचे मोठ्या कॅसेटचे कॅमेरे होते, मग तळहातात मावणारे छोट्या कॅसेटचे आले. पण लहान असो की मोठा, आमच्या खाऱ्या वाऱ्यात कुठलाच सुखी नव्हता. टेप आत गुंडाळली जायची, चित्रावर पांढऱ्या रेघा पडायच्या, रबरी पट्टे सैल व्हायचे. मग ही मंडळी कॅमेरा टॉवेलात गुंडाळून एसटीनं माझ्याकडे यायची. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत या कामाला मी एकटा होतो. एकटं असण्यासारखं सुख नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात चौके गावच्या एका शूटिंगवाल्यानं माझ्याकडून कॅमेरा परत नेला. तीन आठवडे तो माझ्याकडे उघडा पडला होता. त्यानं विचारलं की माझं एकच उत्तर असायचं, ‘पार्ट मुंबैसून येवचो आसा.’ चौथ्या दिवशी माझ्या दुकानासमोरून एक वरात गेली. बॅन्डच्या पुढे उलटा चालत हाच गडी शूटिंग करत होता, त्याच कॅमेऱ्यानं. दुकानापाशी आल्यावर त्यानं मुद्दाम भिंग माझ्याकडे वळवलं. कुणाच्या तरी लग्नाच्या कॅसेटमध्ये आजही माझा तो चेहरा असणार.

संध्याकाळी मी त्याला गाठलं. ‘खंय केलंस?’

‘कट्ट्याक. थंय एक पेटीवालो आसा.’

‘कसलो पेटीवालो?’

‘भजनाची पेटी दुरुस्त करता तो. कॅमेरेय करता आता.’

मला वाटलं, गडी थट्टा करतोय. थट्टा नव्हती. हार्मोनियमचे सूर लावणारा, भाते शिवणारा, आयटीआयचं तोंडही न पाहिलेला एक मनुष्य कट्ट्याच्या बाजारामागे पडवीत बसून व्हिडिओ कॅमेरे दुरुस्त करत होता, आणि ते चालत होते. पुढच्या मोसमात माझ्याकडे निम्मे कॅमेरे आले. त्याच्या पुढच्या मोसमात चार. कट्ट्याला गेलेला एकही कॅमेरा पुन्हा माझ्या दारात आला नाही.

अख्खा जिल्हा त्याला पेटीवालो म्हणायचा. मी घरी नुसतं ‘तो’ म्हणायचो आणि बायकोला कळायचं.

त्याच्याबद्दल मी माहिती गोळा करायला लागलो. येणाऱ्या-जाणाऱ्या शूटिंगवाल्याला चहा पाजायचा आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं. तालुक्यातल्या लोकांना वाटायचं माझा स्वभाव सुधारला.

पेटीवाला उंच, काटकुळा. अंगात बंडी, कमरेला पंचा. कपाळावर घड्याळजीचं भिंग रबरानं बांधलेलं. ते काढायचं त्याला सुचत नसे, त्यामुळे तो तसाच बाजारात जायचा, तसाच देवळात जायचा. कॅमेरा हातात आला की तो उघडायचा नाही. आधी डोळे मिटून कानाशी धरायचा. कॅमेऱ्याच्या आत टेप जिच्यावरून जाते ती एक लहानशी ढोलकी गरगर फिरत असते, तिचा बारीक आवाज येतो. तो आवाज ऐकत दुसऱ्या हातानं शेजारच्या पेटीची एक पट्टी दाबायचा, आणि म्हणायचा, ‘सूर उतरलो. पट्टो सैल झालो हा.’ किंवा, ‘सूर बरो आसा, पण खरखरता. वाळू गेली हा.’ आणि आत तेच निघायचं. माझा ऑसिलोस्कोप हीच गोष्ट अर्ध्या तासात सांगायचा, तीही मी मॅन्युअल समोर ठेवलं तर.

मी हे ऐकलं त्या दिवशी घरी जाऊन मिक्सर कानाशी धरून ऐकला. बायको दारात उभी होती. ‘काय झाला मिक्सराक?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही.

त्याचे नियम होते. काम फक्त जेवणाआधी. दुपारी मासे खाल्ले की कॅमेऱ्याला बोट लावायचं नाही, हातांना साबण लावून, लिंबू चोळूनही नाही. कारण विचारलं तर म्हणायचा, ‘चित्राक वास येता.’ ओल धरलेले कॅमेरे तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचा. डबा घरातलाच, रोजच्या भाताचा. त्याची बायको रोज सकाळी कॅमेरा बाजूला करून शेरभर तांदूळ काढायची आणि पुन्हा नीट पुरून ठेवायची. एकदा त्यांच्या पेजेत स्क्रू निघाला. पेटीवाल्यानं तो चाखून, पुसून, भिंगाखाली धरून बघितला आणि म्हणाला, ‘ह्यो आचऱ्याच्या कॅमेऱ्याचो.’ कॅमेऱ्यांना तो गावांच्या नावानं ओळखायचा. आचऱ्याचा खोकतो, कुडाळचा आळशी, सावंतवाडीचा तोऱ्यात असतो.

आणि त्याचं एक वाक्य होतं. ते मला इतक्या जणांनी ऐकवलं की झोपेतही म्हणून दाखवीन. ‘यंत्राक तोंड नाय, म्हणान ता खोटा बोलणा नाय.’

पण या सगळ्याच्या वर होतं ते त्याचं गाऱ्हाणं.

आमच्याकडे गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही सुरू होत नाही. होडी पाण्यात घालायची असो, घराची चौकट बसवायची असो, कुणीतरी जाणता उभा राहतो, नारळ हातात घेतो, देवाला सगळी हकीकत सांगतो आणि मागणं मागतो. बाकीच्यांनी हात जोडून प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. पेटीवाला कॅमेरा उघडण्याआधी त्याचं गाऱ्हाणं घालायचा. गिऱ्हाइकानं नारळ आणायचा, काय झालं ते सांगायचं आणि शेजारी उभं राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. काम झालं की नारळ फोडून एक वाटी गिऱ्हाइकाला, एक त्याच्या घरच्या कालवणाला.

यात एक मेख होती. सांगितलेली हकीकत खरी हवी. ओरोसच्या जिल्हा कचेरीतला एक साहेब आपला घरचा कॅमेरा घेऊन आला होता, ती गोष्ट मला रांगेत त्याच्यामागे बसलेल्यानं सांगितली. साहेब म्हणाला, ‘काही झालं नाही हो, आपोआप बंद पडला.’ पेटीवाला उभा राहिला. ‘बा देवा म्हाराजा, हो साहेब इलो हा. हेचो कॅमेरो आपोआप बंद पडलो म्हणता...’ आणि थांबला. खाली बसला. अडकित्ता काढून सुपारी कातरायला लागला. साहेब हात जोडून उभाच. पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी साहेब म्हणाला, ‘तसा मुलाच्या हातून जरा पडला होता.’ अडकित्ता चालूच. मग साहेबानं घाम पुसला. ‘माझ्याच हातून पडला. तारकर्लीला. वाळूत.’

‘हां,’ म्हणत पेटीवाला उठला आणि राहिलेलं गाऱ्हाणं पुढे चालू केलं.

लोक ही गोष्ट हसत सांगायचे. मला हसू यायचं नाही. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस मला खोटं सांगायचा, ‘आपोआप झाला.’ आणि मी उलट त्याला खोटं सांगायचो, ‘पार्ट मुंबैसून.’ माझा धंदा असा दोन्ही बाजूंनी चालला होता. त्याच्या पडवीत मात्र लोक खरं बोलायला नारळ घेऊन जात होते.

‘एवढा जळतास तर एकदा जावन बघून तरी येवा,’ बायको म्हणाली.

मी गेलो. पण बघायला नाही, त्याला पाडायला गेलो.

आता इथे माझ्या मेव्हण्याची ओळख करून दिली पाहिजे. बायकोचा धाकटा भाऊ, बाबल. मालवणातच दांडी भागात समुद्राकाठी घर. मस्कतच्या मामानं आणून दिलेला छोट्या कॅसेटचा कॅमेरा त्याच्याकडे होता. लग्नाचं शूटिंग तो पोटासाठी करायचा, पण जीव त्याचा रापणीत. किनाऱ्यावरून समुद्रात जाळं सोडायचं आणि दोन बाजूंनी दोर धरून पन्नास माणसांनी ते ओढायचं, ती रापण. बाबल पहाटेपासून तिथे उभा. ओढणाऱ्यांचे पाय, दोर, जाळ्यात उडणारा मासा, पाटी घेऊन भांडणाऱ्या बायका, सगळं टिपायचा. कधी होडीत बसून आतही जायचा. लोक म्हणायचे, माशांचा शूटिंग कोण बघतलो? तो म्हणायचा, मी बघतलंय. प्रत्येक कॅसेटवर महिना आणि साल लिहून पत्र्याच्या खोक्यात ठेवायचा.

आणि सगळे कट्ट्याला गेले तरी बाबल माझ्याकडेच यायचा. नात्यासाठी. माझं उरलेलं एकमेव निष्ठावान गिऱ्हाईक. २००२ च्या एप्रिलमध्ये त्यानं कॅमेरा नुसता साफ करायला दिला, आणि माझ्या डोक्यात ते आलं.

त्या ढोलकीशेजारी मसुरीच्या दाण्याएवढा एक तुकडा असतो. आत ओल झाली की तो कॅमेऱ्याला थांबवतो. पडद्यावर थेंबाची खूण लुकलुकते आणि ओल सुकेपर्यंत कॅमेरा टेप घेत नाही. मी त्या तुकड्याची तार सोडवली. तिच्या टोकाखाली वार्निशचा पातळ पापुद्रा ठेवला आणि वरून पुन्हा सोल्डरचा डाग दिला. दिसायला तार जोडलेली, खरं तर सुटलेली. आता वाळवंटात नेला असता तरी तो कॅमेरा ‘मी ओला आहे’ असंच म्हणत राहिला असता. काम फार सुरेख झालं होतं. आयटीआयच्या आमच्या मास्तरांनी डाग देताना शेवटी गोल मणी करायला शिकवलं होतं. शेपूट नाही, खरबरीतपणा नाही, मोहरीसारखा गोल मणी. मी तो मणी भिंगाखाली बघितला आणि स्वतःवरच खूश झालो. आमच्या किनाऱ्यावर ओलीवर कोण संशय घेणार? तो डोळे मिटून ऐकेल, सूर बरोबर येईल. मग तो कॅमेरा तांदळात पुरेल, काढेल, पुन्हा पुरेल. महिनाभर त्याच्या भाताच्या डब्यात बाबलचा कॅमेरा पडून राहील आणि जिल्ह्यात बोभाटा होईल. मला एवढंच हवं होतं, की एकदा तरी त्याला जमू नये.

बाबलला मी सांगितलं, ‘आत ओल गेली हा. होडयेत नेललंस मां?’

त्याचा चेहरा उतरला. आठवड्यापूर्वीच तो होडीतून गेला होता. ‘व्हय भावजी. माझाच चुकला.’

तिथे मी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, ‘माझ्याकडे सुकवची सोय नाय. कट्ट्याक जावया. पण मी कोण ता थंय सांगू नको.’

दोन दिवसांनी आचऱ्याला बाबलची एक लग्नाची ऑर्डर होती. ती त्यानं दुसऱ्याला देऊन टाकली. वाटेत त्यानं नारळ मात्र चांगला हलवून, वाजवून घेतला.

पेटीवाल्याची पडवी शेणानं सारवलेली, स्वच्छ. एका बाजूला उघड्या पेट्या, एका बाजूला उघडे कॅमेरे. माझ्या टेबलापेक्षा जास्त नीटनेटकं होतं, तेही मला लागलं. त्यानं कॅमेरा घेतला, चालू केला, कानाशी धरला, पट्टी दाबली. ‘सूर बरो आसा,’ म्हणाला. मग पडद्यावरचा थेंब बघितला. ‘काय झाला?’

बाबल तोंड उघडणार तोच मी शुद्ध मराठीत म्हटलं, ‘समुद्रावर शूटिंग करताना आत ओल गेली.’

त्यानं बाबलकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग माझ्या हातांकडे. मी हात मागे घेतले. त्यानं अडकित्त्याकडे हात नेला. मला साहेबाची गोष्ट पाठ होती. क्षणभर अडकित्ता हातात धरून त्यानं तो परत खाली ठेवला. नारळ उचलून उभा राहिला.

‘बा देवा म्हाराजा...’

‘व्हय म्हाराजा,’ बाबल म्हणाला. मी ओठ हलवले.

‘आज ही दोन लेकरा मालवणसून तुझ्या पायाशी इली आसत. हेंचो कॅमेरो दर्याच्या ओलीन थांबलो म्हणतत...’

इथे तो थांबेल असं मला वाटलं. थांबला नाही.

‘दर्याची चूक असात तर दर्याक माफ कर.’

‘व्हय म्हाराजा.’

‘धन्याची चूक असात तर धन्याक माफ कर.’

‘व्हय म्हाराजा,’ बाबल कळवळून म्हणाला.

‘आणि कोणा कारागिराचो हात लागलो असात, तर त्या हाताक यश दी म्हाराजा. तेच्या पोटातली आग थंड कर.’

‘व्हय म्हाराजा.’ बाबलचा आवाज पडवीत घुमला. माझ्या तोंडातून नुसती हवा आली.

मग त्यानं कॅमेरा उघडला आणि भिंग डोळ्यावर ओढलं. बघत राहिला. बिघाड शोधायला लागावा त्यापेक्षा फार वेळ बघत राहिला. डबा नाही, तांदूळ नाही. ‘शिकलेल्या हाताचा काम आसा,’ तो म्हणाला.

‘कंपनीचा असतला,’ बाबल म्हणाला.

‘असतला.’

दहा मिनिटांत थेंब लुकलुकायचा थांबला. कानावरची पेन्सिल काढून त्यानं झाकणाच्या आतल्या बाजूला काहीतरी टिपलं. स्क्रूंची खूण करत असेल असं मला वाटलं. झाकण लावलं, नारळ फोडला, एक वाटी बाबलच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, ‘दर्यार नेवक हरकत नाय. दर्यान काय केल्यान नाय.’

परतीच्या एसटीत बाबल नारळाची वाटी मांडीवर घेऊन बसला होता. म्हणाला, ‘बरो माणूस. माझी चूक पोटात घातल्यान.’

मी खिडकीबाहेर बघत होतो. खरं सांगायचं तर मला पश्चात्ताप वगैरे झाला नव्हता. मला फक्त राग आला होता. मी सगळं कसब पणाला लावलं आणि त्याला दहा मिनिटं लागली.

त्यानंतर बाबल कट्ट्याचा झाला. माझी परवानगी मागून, लाजत, पण झालाच. आणि कॅमेरा घेऊन तो पुन्हा समुद्रावर गेला नाही. लग्नं केली, बारशी केली, जत्रा केल्या. रापण ओढायला हात लावायला जायचा, पण कॅमेरा घरी ठेवून. एकदा बायकोनं त्याला विचारलं, ‘आता रापणीचा शूटिंग करणस नाय तो?’ तो म्हणाला, ‘नको गो. एकदा भिजवलंय तेवढा पुरे. भावजीनी सांगितल्यानी ना.’ मी जेवत होतो. माझ्या ताटात बांगडा होता. त्याचे काटे मी फार लक्षपूर्वक काढले.

किती वेळा सांगावंसं वाटलं म्हणाल, तर फार वेळा नाही. दोनदा-तीनदा. प्रत्येक वेळी वाटायचं, हे कबूल करायचं म्हणजे त्याला ते दहा मिनिटांत सापडलं हेही कबूल करायचं. चूक मला गिळता आली असती, ती दहा मिनिटं गिळवत नव्हती.

पेटीवाला मला एकदाच पुन्हा भेटला, मालवणच्या मासळी बाजारात. कपाळावरचं भिंग डोळ्यावर ओढून तो बांगड्याचे कल्ले उघडून बघत होता. कोळीण ओरडत होती, ‘अरे घड्याळ आसा काय ता?’ सगळा बाजार हसत होता, तोही हसत होता. मला बघून त्यानं भिंग वर केलं.

‘हात काय म्हणता?’ त्यानं विचारलं.

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. माझ्याकडून त्याच्याकडे गेलेल्या कॅमेऱ्यांत माझे मणी त्यानं आधीच पाहिले असणार. मी ‘ठीक आहे’ म्हणालो आणि मला नको असलेली अर्धा किलो कोळंबी घेऊन निघून आलो.

पुढे काळच बदलला. कॅसेट गेली, कार्डाचे कॅमेरे आले, ते बिघडले की फेकायचे. मी मोबाईल दुरुस्तीत शिरलो. तो पुन्हा पेट्यांकडे गेला. त्याला त्याचं दुःख नव्हतं असं ऐकलं, आणि मला तेही सहन झालं नाही. धंदा बुडाल्यावर तरी माणसानं थोडं खचावं की नाही? २००९ च्या थंडीत तो गेला. रांगेनं सगळे जुने शूटिंगवाले उभे होते. देवगडचे, वेंगुर्ल्याचे, एकेकाळचे माझे.

पुढच्या वर्षी बाबल माझ्या दुकानात आला. एका हातात तो जुना कॅमेरा, दुसऱ्या हातात पत्र्याचं खोकं. खोकं काउंटरवर ठेवून उघडलं, आणि त्याच्याशेजारी एक नारळ ठेवला.

‘भावजी, ह्या रापणीच्या कॅसेटी कॉम्प्युटरार घालून होये. पण कॅमेरो टेप घेता आणि चित्र दाखवणा नाय.’

‘आता कित्याक होये?’

‘आता रापण रवली खंय? आमच्याकडची दोनय मोडली. जाळी इकली. म्हटला, होता ता तरी बघूया.’

‘आणि नारळ कित्याक?’

तो ओशाळला. ‘सवय. थंय सात वर्सा नेलंय.’

मी झाकण उघडलं. कट्ट्याला गेलेला कॅमेरा बारा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या हातात येत होता.

झाकणाच्या आत पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं होतं. तारखेनिशी, ओळीखाली ओळ. जन्मपत्रिका मांडावी तशी. पट्टा बदलला. वाळू काढली. हेड पुसलं. धन्यानं खरं सांगितलं. धन्यानं खरं सांगितलं. प्रत्येक नोंदीपुढे ते होतं. सगळ्यात वरची ओळ मात्र वेगळी होती. एप्रिल २००२. ‘ओल नाही. बिघाड केलेला. मालवणच्या मेस्त्रींचा हात. मणी काय सुंदर. मला जन्मात जमला नसता. हेवा वाटला.’

अक्षरही माझ्यापेक्षा चांगलं होतं.

मी ती ओळ तीन-चार वेळा वाचली. पहिल्यांदा, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. अकरा वर्षं ज्याच्यावर जळलो त्याला माझा हेवा वाटला होता. तो आनंद दोन मिनिटंही टिकला नाही. त्याला हेवा वाटला, तो त्यानं दोन शब्दांत लिहिला, झाकण लावलं आणि माझ्या हाताला यश मागितलं. मला हेवा वाटला तेव्हा मी काय केलं ते त्या खोक्यात होतं. नीट लावलेल्या कॅसेटी, आणि अर्धं खोकं रिकामं.

‘काय लिवल्यानी हा?’ बाबलनं मान पुढे करून विचारलं.

मी झाकण पालथं ठेवलं. नारळ उचलला. खुर्चीतून उठलो. माझ्या दुकानात असं काही कधी झालं नव्हतं. बाबलनं आधी चमकून बघितलं, मग त्यानंही हात जोडले.

‘बा देवा म्हाराजा,’ मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

‘व्हय म्हाराजा.’

‘हो माझो मेव्हणो इलो हा. आठ वर्सांपूर्वी हेचो कॅमेरो बंद पडलो, तो दर्याच्या ओलीन नाय.’

‘व्हय म्हाराजा.’

‘हेची कायएक चूक नाय.’

‘व्हय म्हाराजा.’ त्याचे डोळे मिटलेले होते.

‘तो मी बंद केललंय. ह्या हातान. पोटात आग होती म्हणान.’

‘व्हय म्हाराजा,’ बाबल सवयीनं म्हणून गेला.

मग त्यानं डोळे उघडले. जोडलेले हात हळूहळू सुटले. तो माझ्याकडे बघत नव्हता, खोक्यातल्या शेवटच्या कॅसेटकडे बघत होता. तिच्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, रापण, एप्रिल २००२.